संशोधनाची मास्टर्स : दोन वर्षांत मावणारा प्रश्न

मार्चमध्ये गेटचा निकाल लागला की दरवर्षी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत कानावर येतो. "एम.टेक. घेऊ की एम.एस. बाय रिसर्च?" विचारणारे बहुतेक इंजिनिअरिंगचे असतात. एम.एस्सी. करून एखाद्या इंजिनिअरिंग विभागाकडे वळू पाहणारेही असतात. या प्रश्नाखाली एक भीती दडलेली असते. रिसर्चवाली मास्टर्स म्हणजे धड एम.टेक. नाही, धड पीएच.डी. नाही, आणि दोन-तीन वर्षं घालवून आपण अर्ध्यावरच राहणार, ही ती भीती.

मला वाटतं या भीतीचं उत्तर प्लेसमेंटच्या आकड्यांपेक्षा या पदवीच्या इतिहासात जास्त चांगलं सापडतं. आपल्याकडे ही गोष्ट पदवी म्हणून सुरूच झाली नव्हती. आधी काम होतं, पदवीचं नाव फार उशिरा आलं. आणि त्या नाव नसलेल्या काळात बंगळूरच्या एका विद्यार्थ्याने जे काम केलं, ते आजही या पदवीकडून काय अपेक्षा ठेवावी हे शिकवतं.

पदवी नसलेली संस्था

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेची, म्हणजे आयआयएससीची, स्थापना १९०९ ची. पहिले विद्यार्थी आले १९११ मध्ये. जमशेटजी टाटांच्या मनात होतं ते पदव्युत्तर संशोधनाचं केंद्र, बी.ए.-बी.एस्सी. शिकवणारं आणखी एक कॉलेज नव्हे. पण मेख अशी होती, की या संस्थेला पदवी देण्याचा अधिकारच नव्हता. पदव्या द्यायची ती विद्यापीठं, आणि आयआयएससी कायद्याने विद्यापीठ नव्हती.

मग तिथे काम करणाऱ्यांना मिळायचं काय? दोन वाटा होत्या. पहिली म्हणजे बंगळूरला काम करायचं आणि प्रबंध दुसऱ्या विद्यापीठाकडे पाठवायचा. मराठी वाचकांना याचं उदाहरण चांगलं माहीत आहे, फक्त या बाजूने आपण ते पाहत नाही. कमला भागवत (पुढच्या कमला सोहोनी) १९३३ मध्ये तिथे गेल्या. सी. व्ही. रामन यांनी आधी दिलेला नकार आणि नंतर अटी घालून दिलेला प्रवेश ही हकिगत आपण नेहमी वाचतो. पण दूध आणि डाळी-कडधान्यांतल्या प्रथिनांवर त्यांनी बंगळूरला जे काम केलं, त्याची एम.एस्सी. पदवी १९३६ मध्ये मिळाली ती मुंबई विद्यापीठाकडून. प्रयोगशाळा एका गावात आणि पदवी दुसऱ्या गावाची.

दुसरी वाट म्हणजे संस्थेची स्वतःची प्रशस्ती. डीआयआयएससी म्हणजे संस्थेची पदविका आणि एआयआयएससी म्हणजे असोशिएटशिप. ही असोशिएटशिप संशोधन करून, त्यावर प्रबंध लिहून मिळायची. आज आपण ज्याला एम.एस्सी. (इंजि.), एम.टेक. (रिसर्च) किंवा एम.एस. बाय रिसर्च म्हणतो, त्याची आजी म्हणजे ही असोशिएटशिप. नावात 'मास्टर' नाही, विद्यापीठाचा शिक्का नाही. त्यामुळे तिचं वजन ठरायचं ते एकाच गोष्टीवरून : आत काय काम आहे.

घाटगे, धवन आणि एक नवा विद्यार्थी

आता इंजिनिअरिंगकडे येऊ. दुसरं महायुद्ध चालू असताना, डिसेंबर १९४२ मध्ये, आयआयएससीत एरोनॉटिक्सचा विभाग सुरू झाला. बंगळूरलाच हिंदुस्तान एअरक्राफ्टचा कारखाना उभा राहिला होता आणि विमानांचं शास्त्र जाणणारी माणसं देशात जवळजवळ नव्हती. विभागाची जबाबदारी आली विष्णू माधव घाटगे यांच्यावर. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपूचे घाटगे जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट करून आले होते. प्रांटल म्हणजे ज्यांनी 'सीमास्तर' ही कल्पनाच मांडली ते. घाटगे पुढे कारखान्याकडे गेले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेलं एचटी-२ हे प्रशिक्षण विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडालं.

त्याच १९५१ मध्ये सतीश धवन कॅलटेकची पीएच.डी. संपवून या विभागात रुजू झाले. इस्रोच्या संदर्भात आपण त्यांचं नाव घेतो, पण ते फार पुढचं. तेव्हा ते तिशीतले प्रयोगकर्ते होते. हान्स लिपमन यांच्याकडे त्यांनी केलेलं काम होतं वाहत्या हवेचं पृष्ठभागावर होणारं घर्षण थेट मोजण्याचं. म्हणजे सीमास्तर हे त्यांचं घरचं अंगण होतं.

आणि १९५३ मध्ये त्यांच्याकडे आले रोद्दम नरसिंह, बंगळूरच्याच इंजिनिअरिंग कॉलेजातून मेकॅनिकल होऊन. संस्थेत ठेवलेलं स्पिटफायर विमान पाहून आपण या विषयाकडे ओढलो गेलो, असं ते पुढे सांगत. १९५५ मध्ये त्यांनी पदविका घेतली आणि १९५७ मध्ये संशोधनाची असोशिएटशिप. वय चोवीसच्या आसपास. आज या वयात आपल्यातले बरेच जण ठरवत असतात की फॉर्म भरू की नको.

प्रश्न काय होता?

सीमास्तर म्हणजे पृष्ठभागाला चिकटून जाणारा हवेचा पातळ थर. सपाट पट्टीवरून हवा जाऊ लागली की पुढच्या काठाजवळ हा थर शांत, थरांथरांनी वाहतो. याला स्तरीय प्रवाह म्हणू. बरंच मागे गेल्यावर तो खळबळलेला, म्हणजे प्रक्षुब्ध होतो. प्रक्षुब्ध प्रवाहात घर्षण जास्त, उष्णतेची देवाणघेवाणही जास्त. विमानाचा पंख असो की टर्बाइनचं पातं, हा बदल कुठे आणि कसा होतो हे डिझायनरला कळावंच लागतं.

बराच काळ हिशेबात असं धरलं जायचं, की एका रेषेपर्यंत स्तरीय आणि तिथून पुढे प्रक्षुब्ध. प्रत्यक्षात मधे एक लांब पट्टा असतो. तिथे एकाच जागी प्रवाह काही वेळ शांत असतो, काही वेळ खळबळलेला. प्रक्षुब्ध वेळेचं एकूण वेळेशी प्रमाण म्हणजे इंटरमिटन्सी. ते गॅमा या अक्षराने दाखवतात. पट्ट्याच्या सुरुवातीला गॅमा शून्य, शेवटी एक.

१९५१ मध्ये अमेरिकेत हॉवर्ड एमन्स यांनी एक सुंदर कल्पना मांडली. खळबळ एकदम सगळीकडे होत नाही, तिचे ठिपके जन्मतात. प्रत्येक ठिपका वाहत पुढे जातो आणि जाता जाता पसरतो. ठिपके एकमेकांत मिसळून शेवटी सगळा पृष्ठभाग व्यापतात. पहिल्या पावसाचे थेंब कोरड्या फरशीवर पडताना आठवा. आधी सुटे ओले डाग, मग डागांत डाग, मग सगळी फरशी ओली. एखादी जागा अजून कोरडी असण्याची शक्यता ही 'इथपर्यंत एकही थेंब पोचला नाही' याची शक्यता असते. प्वासॉनचं गणित शिकलेल्यांना लगेच दिसेल की उत्तर 'एक वजा घातांकी पद' असंच येणार.

घातांकात काय येणार हे मात्र ठिपके कुठे जन्मतात यावर ठरतं. एमन्स यांनी धरलं होतं की ते पट्टीवर सगळीकडे सारख्याच शक्यतेने जन्मतात. तसं धरलं तर घातांकात अंतराचा घन येतो. १९५५ मध्ये शुबाउअर आणि क्लेबानॉफ यांची बारकाईची मापनं प्रसिद्ध झाली. ठिपके खरे आहेत हे त्यांनी दाखवलं. पण इंटरमिटन्सीच्या वक्राला त्यांनी सांख्यिकीतल्या घंटाकृती वक्रापासून येणारा आकार बसवला होता. तो आकडेवारीला जुळत होता, पण तोच आकार का, हे त्यातून कळत नव्हतं.

म्हणजे परिस्थिती अशी : एक चांगली कल्पना होती, चांगली मापनं होती, पण त्या दोघांचं एकमेकांशी जमत नव्हतं. नरसिंह यांचा प्रश्न नेमका या फटीत बसणारा होता.

उत्तर

त्यांनी गृहीतक बदललं. ठिपके सगळीकडे जन्मत नाहीत, ते प्रवाहाला आडव्या अशा एका अरुंद पट्टीत, जवळजवळ एका रेषेवर जन्मतात. या रेषेपासून मागे जाताना प्रत्येक ठिपका दोन्ही दिशांनी वाढतो : रुंदीत पाचरीसारखा, आणि लांबीतही, कारण त्याची पुढची कड मागच्या कडेपेक्षा वेगाने जाते. दोन्ही वाढी अंतराच्या प्रमाणात. म्हणून ठिपक्याचं क्षेत्रफळ अंतराच्या वर्गाने वाढतं. आणि जन्म एकाच रेषेवर असल्यामुळे वेगवेगळ्या जन्मस्थानांची बेरीज करावी लागत नाही. घनाच्या जागी वर्ग येतो.

सूत्र असं आहे :

गॅमा = १ − ई चा (−०.४१२ × क्ष²) वा घात

इथे क्ष म्हणजे संक्रमण सुरू होतं त्या रेषेपासूनचं अंतर, भागिले एक ठरावीक लांबी. ही लांबी म्हणजे गॅमा ०.२५ असलेल्या आणि गॅमा ०.७५ असलेल्या जागांमधलं अंतर.

कागद-पेन असेल तर इथे दोन मिनिटं थांबा. गॅमा ०.२५ ठेवलं तर क्ष येतो सुमारे ०.८४, आणि गॅमा ०.७५ ठेवलं तर सुमारे १.८३. फरक एक. तो एकच यायला हवा, कारण लांबीची व्याख्याच तशी आहे. म्हणजे ०.४१२ हा आकडा प्रयोगातून ओढूनताणून बसवलेला नाही, व्याख्येतून आपोआप येतो (काटेकोर हिशेब केला तर ०.४११, वापरात ०.४१२ रूढ झाला). वक्राच्या आकारात फिरवायला एकही खुंटी उरत नाही. जुळला तर जुळला, नाही तर गृहीतक चूक. चांगल्या प्रश्नाची ही फार मोठी खूण आहे : उत्तर चुकीचं ठरू शकतं.

ते जुळलं. १९५७ मध्ये एरोनॉटिकल सायन्सेसच्या अमेरिकन नियतकालिकात नरसिंह यांची जेमतेम दोन पानांची टीप आली. पुढच्या वर्षी, १९५८ मध्ये, धवन आणि नरसिंह यांचा सविस्तर लेख जर्नल ऑफ फ्लुइड मेकॅनिक्समध्ये आला. संक्रमण वेगवेगळ्या कारणांनी घडवलं तरी वक्राचा आकार तोच राहतो, हे त्यांनी मापनांतून दाखवलं. शिवाय एक व्यवहारी गोष्टही दिली. मधल्या पट्ट्यातला सरासरी वेग काढायचा तर स्तरीय आणि प्रक्षुब्ध प्रवाहांचे वेग गॅमाच्या प्रमाणात मिसळायचे. डिझायनरच्या हातात लगेच देता येईल असं हे उत्तर होतं.

हे सूत्र सगळीकडे चालतं असं नाही. प्रवाहाच्या दिशेने दाब चढत-उतरत असेल तर वक्र बदलतो, आणि त्यावर पुढे खुद्द नरसिंह यांनीच बरंच काम केलं. १९८५ मध्ये त्यांनी या संक्रमण पट्ट्यावर लिहिलेला विस्तृत आढावा वाचला तर चोवीसाव्या वर्षीच्या उत्तराकडे माणूस पन्नाशीत किती कडक नजरेने पाहू शकतो हे दिसतं. तरी पाया तोच राहिला. टर्बाइनच्या पात्यांवर संक्रमणाचा पट्टा बराच मोठा असतो, आणि तिथल्या गणितांत हा वक्र आजही भेटतो.

एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. नरसिंह नंतर कॅलटेकला लिपमन यांच्याकडेच गेले आणि १९६१ मध्ये पीएच.डी. झाले. विषय होता विरळ वायूंचा प्रवाह. संक्रमण नाही, इंटरमिटन्सी नाही. म्हणजे बंगळूरचं काम हा पीएच.डी.चा पहिला हप्ता नव्हता. तो प्रश्न तिथे सुरू झाला आणि तिथेच, एका अर्थाने, पुरा झाला.

नाव नंतर आलं

योगायोग असा की जर्नल ऑफ फ्लुइड मेकॅनिक्समधला लेख आला त्याच १९५८ मध्ये आयआयएससीला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आता संस्था स्वतःच्या पदव्या देऊ शकत होती. त्यातून दोन धारा स्पष्ट झाल्या. एक कोर्सवर्कची, एम.ई. आणि पुढे एम.टेक. दुसरी संशोधनाची, एम.एस्सी. (इंजि.). साठच्या दशकात आयआयटी उभ्या राहत होत्या, देशभर नवी इंजिनिअरिंग कॉलेजं निघत होती, शिक्षक हवे होते, उद्योगांना विशेष ज्ञान असलेले इंजिनिअर हवे होते. त्यासाठी ठरलेला अभ्यासक्रम आणि शेवटी एक प्रोजेक्ट ही रचना सोयीची होती, आणि ती धारा मोठी झाली. यात काही वाईट नाही. दोन्ही धारांची कामं वेगळी आहेत.

संशोधनाची धारा बारीक राहिली, पण आटली नाही. आयआयटी मद्रासला एम.एस. बाय रिसर्च आहे, दिल्लीत एम.एस. (रिसर्च), मुंबईत काही विभागांत एम.एस. बाय रिसर्च. आयआयएससीने अलीकडे आपल्या एम.एस्सी. (इंजि.)चं नाव बदलून एम.टेक. (रिसर्च) केलं. नावं इतक्या वेळा बदलल्यामुळे नोकरीच्या फॉर्मवर आणि घरी समजावून सांगताना गोंधळ होतो हे खरं. पण आतली रचना ओळखीची आहे : थोडे कोर्स, एक गाइड, एक प्रश्न, प्रबंध, परीक्षक आणि तोंडी परीक्षा.

मग आपण काय घ्यायचं?

"ते नरसिंह होते, आपण कुठे," असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. प्रत्येक मास्टर्समधून सत्तर वर्षं टिकणारं सूत्र निघत नाही, आणि तसं ठरवून कुणी बसूही नये. पण त्यांच्या कामातला बुद्धीचा भाग बाजूला ठेवला तरी रचनेचा भाग उरतो, आणि तो कुणालाही घेता येतो.

पहिलं, प्रश्न एका वाक्यात मावत होता : ठिपके सगळीकडे जन्मतात की एका रेषेवर? तुमच्या होऊ घातलेल्या गाइडना विचारा की माझ्या दोन वर्षांचा प्रश्न एका वाक्यात काय असेल. उत्तरादाखल फक्त क्षेत्राचं नाव आलं, किंवा "आधी ये, मग बघू" असं आलं, तर सावध व्हा. क्षेत्र म्हणजे प्रश्न नव्हे. नाहीतर पहिलं वर्ष प्रश्न शोधण्यात जातं आणि दुसऱ्या वर्षी हाताला लागेल ते गोळा करून प्रबंध शिवला जातो.

दुसरं, अर्धी सामग्री आधीच हजर होती. विभाग दहा वर्षं जुना होता, गाइडचा हात मापनात बसलेला होता, आणि दुसऱ्यांची कल्पना आणि दुसऱ्यांची आकडेवारी छापलेली होती. पीएच.डी.त तुम्ही यंत्र उभारण्यात दीड-दोन वर्षं घालवू शकता. मास्टर्समध्ये ती चैन नाही. लॅबमध्ये जाऊन पाहा : लागणारं उपकरण चालू आहे का, की त्याची ऑर्डर 'निघणार' आहे? सध्याच्या सीनिअर्सना एकटं गाठून विचारा.

तिसरं, उत्तर चुकीचं ठरू शकेल असं होतं. 'अमुक गोष्टीचा अभ्यास' हा विषय कधीच चुकत नाही, म्हणून त्यातून काही शिकताही येत नाही. वर्ग की घन, यात एक बाजू हरते. तुमच्या विषयात कुठली बाजू हरू शकते, हे सांगता आलं पाहिजे.

आणि चौथं, काम पुरं झालं. पुढे पीएच.डी. करायची असो वा नसो, मास्टर्सचा प्रबंध हा स्वतंत्र दस्तऐवज समजा. बऱ्याच ठिकाणी मधेच पीएच.डी.त बदलून घेण्याची सोय असते, आणि काही जणांसाठी ती योग्यही असते. पण केवळ मास्टर्सचा प्रश्न संपत नाही म्हणून पीएच.डी.त उडी मारणं म्हणजे न संपलेला प्रश्न आणखी चार वर्षं पाठीवर घेणं.

ज्यांना विषयाची रुंदी हवी आहे, कॅम्पसमधून नोकरी हवी आहे, किंवा अजून क्षेत्रच ठरलेलं नाही, त्यांनी कोर्सवर्कचं एम.टेक. घ्यावं आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नये. पण एखादी न जुळणारी गोष्ट तुम्हाला स्वस्थ बसू देत नसेल, तिचं माप दोन वर्षांचं दिसत असेल आणि ती मोजायला लागणारं यंत्र कुठल्या लॅबमध्ये चालू आहे हे तुम्हाला कळलं असेल, तर संशोधनाची मास्टर्स ही अर्धवट पीएच.डी. नाही. बंगळूरला तिला धड पदवीचं नाव नव्हतं तेव्हाही ती पुरी होती.

मुलाखतीला जाण्याआधी एक काम करा. तुमच्या आवडीच्या विषयातले दोन लेख शोधा, एकात कल्पना आणि दुसऱ्यात मापन, जे एकमेकांशी नीट जुळत नाहीत. ते का जुळत नाहीत हे पाच ओळींत लिहून पाहा. लिहिता आलं, तर पॅनेलसमोर बोलायला तुमच्याकडे बायोडेटापेक्षा काहीतरी जास्त असेल.